अंगणातल्या गाडीतून मुरबाडला फोन

रविवार, मार्गशीर्षातला पहिला. सकाळी साडेनऊ.

हजर: आप्पा, म्हणजे माझे सासरे, आई, म्हणजे सासूबाई, नवरा, मी, आणि आदल्या दिवशी शहापूरहून आणलेली गाडी, जी आमच्याआधी पाच वर्षं दुसऱ्या कुणाची होती. फोनवर हजर: मुरबाडच्या आत्या, आप्पांची धाकटी बहीण. गैरहजर: दोन्ही मुलं. एक पुण्याला, दुसरा आटगावला मित्राकडे. म्हणून फोन गाडीला जोडायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या वहीत गाडीच्या पानावर सात कामं लिहिली होती. पहिलं पूजा. ते आईंनी आठ वाजताच उरकलं. चाकांखाली चार लिंबं, पुढे नारळ, बोनेटवर स्वस्तिक. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. या घरात बैल पुजायचे तेव्हा शिंगापासून खुरापर्यंत बैलाचं एकही अंग सुटू द्यायचं नाही, असा त्यांच्या सासूबाईंचा नियम होता. तोच त्यांनी गाडीला लावला. ओल्या हळदीकुंकवाची वाटी घेऊन त्या आत शिरल्या आणि स्टीअरिंग, गिअर, आरसे, छतावरचा दिवा, सगळ्यांना बोटं लावून बाहेर आल्या. मी तेव्हा पायरीवर बसून गाडीचं माहितीपुस्तक वाचत होते.

चौथं काम फोन जोडणं. फोनचं ब्लूटूथ चालू केलं, गाडीच्या पडद्यावर नवीन फोन जोडा असं दाबलं, तर गाडी म्हणाली, यादी भरली. आधीच्या मालकाच्या घरातले पाच फोन तिच्या लक्षात होते. त्यातला एक पुसला. मग दोन्हीकडे सहा आकडे आले, ते जुळवून पाहिले, हो म्हटलं. फोनमधली नावं गाडीला दाखवू का, यालाही हो. पाच मिनिटांचं काम.

आप्पा शेजारच्या सीटवर बसून सगळं बघत होते. पहिला फोन कुणाला करायचा, हे आईंनी ठरवलं. म्हणाल्या, वन्संना कर, गाडी आल्याचं सांग. आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. दोनेक वर्षांपासून आप्पा बहिणीशी फोनवर बोलत नव्हते. आत्यांचा फोन आला की दोन शब्द बोलून फोन आईंच्या हातात द्यायचे. यंदा भाऊबीजेलाही गेले नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. आत्यांनी विचारणं सोडलं होतं. कानांचा संशय मला होता. पण विषय काढला की आप्पांचं उत्तर ठरलेलं: मला सगळं ऐकू येतं, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता. माझ्या वहीत ‘आप्पांचे कान तपासणे’ हे काम दोन वह्या ओलांडून तिसरीत आलं होतं.

आत्यांनी फोन उचलला. माझा फोन अजून माझ्या कानाशीच होता. गाडीचं सांगितलं, मग म्हटलं, थांबा, आप्पांना देते. काचा वर केल्या आणि आवाज गाडीकडे वळवला.

“दादा?”

चारही दारांतून आवाज आला. आप्पांचा हात दाराच्या स्पीकरवर गेला, माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

“बोल गो,” ते म्हणाले.

“दादा, हायस ना?”

“हाय ना. बोल.”

मग आत्यांनी उसासा टाकला, तोसुद्धा स्पष्ट ऐकू आला.

“बोलायचं नाय तर नको बोलू. ऐक तरी. भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत पाट उचलला नाय मी. पोरं हसायला लागली. माझं काय चुकलं असल तर सांग रे, पण गप नको बसू.”

आप्पा उत्तर देत होते. नाय गो, चुकलं नाय, नाय गो. पण त्यांचा आवाज तिकडे पोचत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मी लगेच काहीतरी करायला हवं होतं. केलं नाही. बहिणीचं इतकं सलग बोलणं त्यांनी किती दिवसांनी ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग आवाज परत फोनवर घेतला. “आत्या, ठेवू नका. गाडीत काहीतरी अडलंय.” माझं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं. म्हणजे फोन बरोबर, रेंज बरोबर. बिघाड गाडीच्या माइकमध्ये. पुस्तकात त्याची जागा पाहिली. छतावरच्या दिव्याशेजारी, चार बारीक फटी. वर पाहिलं. चारही फटी हळदीकुंकवाने लिंपलेल्या. दार उघडून आईंना दाखवल्या.

“मला काय माहीत तो गाडीचा कान हाय,” आई म्हणाल्या आणि बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. नवऱ्याने हसू दाबायला बोनेट उघडलं.

पिनेने फटी कोरल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, आवाज पुन्हा गाडीकडे वळवला.

“हां गो,” आप्पा म्हणाले.

“आला आवाज.”

मग आप्पांनी पुन्हा दाराच्या स्पीकरवर हात ठेवला. आई दाराशी उभ्या होत्या, मी आप्पांकडे बघत नव्हते.

“राग नाय,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाय. दोन वरसं झाली. फोनात तुझी नुसती भुणभुण येते, म्हणून हिच्याकडं देतो. आज आलं ऐकू.”

“मग सांगायचं ना, येड्या.”

“तुला सांगितलं असतं तर आख्ख्या मुरबाडला कळलं असतं.”

आत्या हसल्या. मग पंधरा मिनिटं वाल, गुडघे आणि कुणाकुणाची लग्नं. मी उतरून पाचव्या कामाला लागले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आप्पा धुतलेला सदरा घालून गाडीत बसतात. मी चावी फिरवून फोन लावून देते. पट्टा लावला नाही तर गाडी टिंगटिंग करते आणि बोलण्यात अडथळा येतो, म्हणून ते अंगणातच पट्टा बांधून बसतात. रस्त्याने जाणारे विचारतात, आप्पा, कुठं निघाले? ते सांगतात, मुरबाडला.

खरोखरच्या मुरबाडलाही एकदा गेलो, सरळगाववरून. राहिलेली भाऊबीज पौष लागायच्या आत झाली. पाट होता, ओवाळणं झालं. पण घरात दहा माणसं, टीव्ही चालू, आणि आप्पा सगळ्यांकडे बघून नुसते मान हलवत होते. आत्या ते बघत होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी भावाला हाताला धरून गाडीत नेलं आणि काचा लावून घेतल्या. अर्धा तास दोघं आत बोलत होती. निघताना आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “गाडी हाय म्हणून त्याचे कान बघायचं सोडू नको.”

गाडीच्या पानावरची सातही कामं झाली. कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा वेळ घेतली. एकदा आप्पांना शेणवे गावात एका लग्नाला जायचं होतं, दुसऱ्यांदा ते म्हणाले, गाडीत मला सगळं ऐकू येतं. ‘आप्पांचे कान तपासणे’ समोर अजून खूण नाही.