पाव टाकी

कन्हान रोडवरच्या आमच्या वसाहतीत पाण्याची उंच लोखंडी टाकी आहे. तिचा पंप चालवणारा माणूस रोज सकाळी चपला काढून शिडी चढायचा, पान्याने टाकी वाजवायचा आणि नुसत्या आवाजावरून पातळी वहीत लिहायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

पातळी मोबाइलवर दिसावी म्हणून समितीने मला काम सांगितलं. उपकरणांचे संदेश गोळा करणारं केंद्र मी क्लाउडवर उभं केलं. सेन्सर यायचा होता, म्हणून चाचणीपुरतं लॅपटॉपमध्येच एक नकली उपकरण तयार केलं. ते मनाचेच आकडे पाठवायचं. समितीने ते मोबाइलवर पाहिले आणि सगळे खूश झाले. आकडे खोटे आहेत, हे मी बोललो नाही.

आठवड्याने मोबाइलवर पाऊण टाकी दिसली आणि पंपवाल्याच्या वहीत पाव. अध्यक्ष चौघांदेखत त्याला म्हणाले, "पिऊन लिहून राहिला का गा?"

तो वाद न घालता माझ्याकडे आला. "साहेब, तुमचं यंत्र कुठं बसवलं? सारी टाकी पाहिली, मले दिसलं नाही."

"आत आहे," मी म्हणालो.

आता खरा सेन्सर बसला आहे. पंपवाला मात्र शिडी चढत नाही. माझ्या दाराशी चपला काढून उभा राहतो आणि मोबाइलवरचा आकडा विचारून वहीत उतरवतो. टाकी का वाजवत नाही, असं परवा मी विचारलं.

"कान गेला माझा, साहेब. त्या दिवशी मले पावच ऐकू आली होती."

ती पावच होती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.