आठ आकड्यांपर्यंत

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात चिअरलीडिंगच्या टीममध्ये नाव दिलं. खेळाच्या मॅडम नव्याच आल्या होत्या. हिवाळ्यात कबड्डीच्या आंतरकॉलेज स्पर्धा आमच्या मैदानावर होणार होत्या, आणि मॅचआधी तीन मिनिटं आम्ही मुलींनी काहीतरी करून दाखवावं असं त्यांच्या मनात होतं. मला वाटलं, हात हलवायचे, उड्या मारायच्या, ओरडायचं. त्यात शिकायचं काय?

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बेस." बेस म्हणजे खाली उभी राहून दुसरीला उचलणारी. जी वर जाते ती फ्लायर. मला फ्लायर व्हायचं होतं. पण माझी हाडं रुंद, दंड भरलेले, शाळेत थाळीफेकीत बक्षीस मिळवलेली मी. बोलून हसं करून घेण्यात अर्थ नव्हता.

पहिले कितीतरी आठवडे कुणी कुणाला उचललंच नाही. सकाळी सहाला मैदानावर जायचं. आमच्याकडची थंडी अशी, की दवानं ओल्या गवतावर हात टेकून, अंग फळीसारखं ताठ ठेवत प्लँक धरला की बोटं बधिर व्हायची. मग उठाबशा, मग भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीवर बसल्यासारखं बसणं. मांड्या थरथरायच्या. हॉस्टेलच्या संडासात बसले की उठताना भिंत धरावी लागायची. एवढं करून आपण शिकलो काय, ते सांगता येत नव्हतं.

शनिवारी इचोड्याला घरी गेले, तर आई म्हणाली, "काऊन लंगडून राह्यली?"

मी सांगितलं. बाबा शाळेत मास्तर. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कोनत्या पेपराले येते?"

मी मांड्यांना तेल चोळत राहिले.

शेवटी उचलायची वेळ आली. आमची फ्लायर उटनूरकडची, पहिल्या वर्षाची, तेलुगू बोलणारी, अंगानं हलकी. दुसरी बेस शेवटच्या वर्षाची ताई, आमच्यासारखीच मराठी घरातली. फ्लायरचं एकेक पाऊल आम्ही दोघींनी तळहातांवर घ्यायचं, गुडघ्यांत वाकायचं आणि एकाच वेळी उठायचं. मागे एक मुलगी सांभाळायला. खाली हॉस्टेलच्या दोन जुन्या गाद्या.

मी दरवेळी आधी उठायचे. माझी बाजू वर, ताईची खाली, आणि मधली मुलगी कलंडायची. आधी वाटलं, दोष मोजण्यात आहे. फ्लायर तोंडातल्या तोंडात 'ओकटी, रेंडु' मोजायची, मी 'एक, दोन', त्यात ताल चुकायचा. मॅडमनी सगळ्यांना इंग्रजीत मोजायला लावलं. तरी मी आधीच.

"ताकत है, लेकिन सुनती नहीं," मॅडम म्हणाल्या.

ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुले भेव वाटते. वजन अंगावर येण्याच्या आधी मोकळं व्हाव म्हून तू घाई करतं."

हे खरं होतं, म्हणूनच मला तिचा राग आला. अंगात जोर असताना घाबरते कशी, हे माझं मलाच कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात फ्लायर पडली. मी पुन्हा लवकर उठले होते. पडताना तिचं कोपर माझ्या नाकावर बसलं, रक्त आलं. ती रडवेली होऊन माफी मागायला लागली, आणि मी, चूक माझी असताना, तिलाच म्हणाले, "सीधा खडा रहना नहीं आता क्या?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दुपारी मी फ्लायरच्या खोलीवर गेले. ती कपडे घडी करत होती.

"गलती मेरी थी," मी म्हणाले.

तिनं हातातली ओढणी घडी करून ठेवली. मग म्हणाली, "अक्का, तुम ऊपर देखते ही नहीं. मेरा पैर देखते हो, बस. मेरे को देखो."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडे बघून उठायला लागले. दहातल्या सहा वेळा जमायचं. मॅडमना दहापैकी दहा हवे होते, आणि वर आठ आकडे मोजेपर्यंत ती स्थिर राहायला हवी होती.

मॅचच्या दिवशी मैदान भरलं होतं. आम्ही एकत्र वाकलो, एकत्र उठलो. ती सरळ वर गेली. वन, टू, थ्री, फोर. माझा डावा तळवा घामानं सरकला. तिला कळलं, तिनं अंग सावरलं आणि ती आमच्या हातांत अलगद आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एवढंच ठरलं होतं. त्या टाळ्याच मला जास्त लागल्या. इतके महिने मांड्या दुखवून घेतल्या, आणि अर्ध्यावर उतरवलेलं कुणाला कळलंसुद्धा नाही.

मॅडमना कळलं होतं. "चार," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला गेल्या.

स्पर्धेनंतरही आम्ही महिनाभर सराव केला. एकदा सातपर्यंत गेलो. मग ताईची परीक्षा आली, ती पास होऊन गेली. तिच्या जागी आलेली मुलगी माझ्यासारखीच आधी उठायची, आणि मी तिच्यावर चिडायचे. आठ काही झाले नाहीत.