लग्नापुरत्या बंद केलेल्या गोळ्या

कोलशेतला मी आशाताई म्हणून फिरते. टीबीच्या पेशंटकडे जायचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं बघायची, कार्डावर खूण करायची. माझ्याकडच्या एका मुलीचं कार्ड एकदम चोख होतं, आणि त्यानेच माझं टाळकं फिरतं.

मुलगी बावीसची. दोन महिन्यांत खोकला गेलेला, अंग भरलेलं, तेवढ्यात कल्याणचं स्थळ आलं आणि घरचे हुरळून गेले. टीबीचं मुलाकडच्यांना कोणी सांगितलंच नाही. आता या गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे पहिल्याच दिवशी मीच सांगितलेलं, कोणी घाबरू नये म्हणून. तिच्या आईने त्यातून काय काढलं? सासरी एकच संडास, रंग सासूच्या नजरेला पडला तर? म्हणून हळदीच्या आठ दिवस आधीपासून गोळ्या बंद. रोज पाकीट फोडायचं, गोळ्या गटारात, रिकामं पाकीट माझ्यासमोर. आणि मी, अक्कल गहाण ठेवून, खुणा करत बसलेले. मुलगी कुठाय विचारलं की, "ताई, पार्लरला गेलीय."

लग्नानंतरही "मी पोचवते ना तिच्याकडे" म्हणत गोळ्या आईच नेत राहिली, आणि त्याही गटारातच. दीड महिन्यात मुलीच्या खोकल्यातून रक्त पडलं. तपासणीत कळलं, जुन्या गोळ्या आता लागू पडत नाहीत. सहा महिन्यांत सुटली असती पोर. आता पहिल्यापासून, वेगळी औषधं, आणि बरी होईलच हे कोणी छातीठोक सांगेना.

मी आईला सोडलं नाही. "काकू, लघवीचा रंग लपवायला पोरीचा जीव टांगणीला लावलात?"

"ताई, मोडलेलं लग्न परत जमतं का?" ती म्हणाली. तोंडात शिवी आलेली, ती गिळून मी उठले.

सासरच्यांची तपासणी करायला तिथल्या आशाताईबरोबर मीही कल्याणला गेले. सासू सुनेला घराबाहेर काढणार, असंच धरून चाललेले. तिने आम्हाला आत बसवलं, चहा टाकला, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मग दार लोटून हळू आवाजात म्हणाली, "मलाही झालेला. लग्नाच्याच वर्षी. याच घरात पिठाच्या डब्यात गोळ्या लपवून खाल्ल्या मी. हिने नुसतं सांगायचं ना मला."

खरं तर मला तिचे पाय धरावेसे वाटायला हवं होतं. नाही वाटलं. डोक्यात तिडीकच गेली.

"मावशी," मी म्हटलं, "मुलगी बघायला आलेलात, तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"