घरी नळी बदलता येणारी रायफल

"बाजूला हो. तुला नाही जमायचं."

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचं हे वाक्य कुंपणापलीकडून सारखं ऐकू यायचं. कणीक मळणाऱ्या काकूंना, बर्फ हटवायचा स्नोब्लोअर सुरू करणाऱ्या मुलाला, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या गोऱ्या प्लंबरलाही. त्या बिचाऱ्याला शब्द कळले नाहीत, पण उठून बाजूला झाला. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं काम चोख असतं, हीच तर पंचाईत.

काका नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनियर. मुलगा रोहन इथेच जन्मलेला, बापाशी इंग्रजीत आणि कामापुरतं बोलणारा. तिशीत ऑफिसच्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जायचं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने चक्क विचारलं, "बाबा, हेल्प मी पिक अ रायफल?"

काका हरखलेच. अंडंही न खाणारा माणूस, पण रोज संध्याकाळी रायफलींचे व्हिडिओ बघत बसायला लागला.

दुकानात मीही गेले. काकूंनीच पाठवलं, "दोघं भांडले तर बघ गं बाई." रोहनला अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची एक देखणी रायफल आवडली. काकांनी एक डोळा मिटून नळीतून आरपार पाहिलं आणि ती परत ठेवली.

"नको. हिची नळी बदलायची तर वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. ही घे." ही म्हणजे काळ्या प्लास्टिकची, रूप नसलेली. "हिची नळी नटाने आवळलेली आहे बघ. घरी घट्ट पकडायला व्हाइस, पाना आणि माप तपासायचे गेज असले की झालं. नळी झिजली की आपण दोघं गॅरेजमध्येच बदलू."

आपण दोघं! काकांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. रोहननेही ऐकलं असावं, कारण त्याने ती काळी रायफल मुकाट्याने घेतली.

आता वर्षाला चार-पाच गोळ्या झाडणाऱ्याची नळी कधी झिजायची? काकांना कुठला धीर. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी दुसऱ्या मापाची नवी नळी मागवली आणि रोहनला बोलावलं. तो मैत्रिणीला घेऊन, डोनट घेऊन आला. मी चहा नेऊन दिला आणि तिथेच रेंगाळले. रोहनने नटाला पाना लावून जोर दिला. पाना जरासा सटकला.

"बाजूला हो. तुला नाही जमायचं."

आणि वर मैत्रिणीला, "थर्टी-टू इयर्स ओल्ड! कॅनॉट होल्ड अ रेंच."

ती कसनुसं हसली. रोहन खिशात हात घालून उभा राहिला. काकांनी एकट्याने नळी बदलली, गेज लावून तपासली, कुठे म्हणून चूक नाही. मला इतका संताप आला की तो पाना त्यांच्याच डोक्यात घालावा. जाताना रोहनने रायफल नेलीच नाही. नंतर दुकानातून स्वतःसाठी ती अक्रोडाची घेतली.

पुढे काही वर्षांनी काकांचे हात थरथरायला लागले. एकदा कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "तू रोहनला फोन कर ना. नळी बदलायची आहे, नट सुटत नाही म्हणावं. दोघं मिळून करू." पोराला बोलवायला शेजारीण लागते! केला मी फोन.

रोहन आला. काकांच्या हातातला पाना नटावर बसेचना, नुसता खडखड वाजत राहिला. "धर रे जरा," काका म्हणाले. इतक्या आर्जवाने बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रोहनने पाना त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बाजूला हो. तुला नाही जमायचं."

मराठीचं एक वाक्य धड न बोलणारा तो मुलगा. पण उच्चारात कुठे खोट नाही, सूरसुद्धा तोच. एका झटक्यात त्याने नट सोडवला, नळी काढून बाकावर ठेवली, दुसरी खोक्यातच राहू दिली, हात पुसले आणि गाडीत बसून निघून गेला.

काका खिशात हात घालून उभे होते. मग मला म्हणाले, "बरोबर काढली ना त्याने?"

"हो, काका."

"शिकला म्हणजे."

बर्फ पडायच्या आत काका गेले. रायफल अजून गॅरेजमध्ये आहे, व्हाइसमध्ये अडकवलेली, नळीशिवाय. काकू तिच्यावर ओट्याचं फडकं वाळत घालतात.