सुमनआत्याच्या कमरेचा चाकू

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. परतूरच्या आमच्या शाळेत मी सहावीला शिकवायला वर्गात शिरतच होते, तेवढ्यात चुलतभावाचा, भास्करदादाचा फोन आला. "सुमनआत्या गेली गं. कामावर निघाल्ती, चप्पल घालता घालता बसली ती बसलीच." मग तो म्हणाला, "कमरेला चाकू होता तिच्या. आता तरी काढून घेतला..." ते 'आता तरी' जे झोंबलं, ते दीड महिना झाला तरी गेलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांनी नवऱ्याचं घर सोडून आली आणि अंबडकडच्या एका मोसंबीच्या रोपवाटिकेत मजुरीला लागली. तिथे कामाची वाटणी ठरलेली होती. कलम करताना जंबेरी लिंबाच्या रोपाला काप देऊन त्यात मोसंबीच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा तो पुरुषांनी, आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची ती बायकांनी. आत्याने दोन हंगाम पट्ट्या बांधल्या आणि पुरुषांचे हात बघितले. तिसऱ्या हंगामात तिने स्वतःचा घडीचा चाकू आणला आणि जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न विचारता, कडेच्या वाफ्यातल्या सगळ्या रोपांवर डोळे भरले. मुकादम खवळला. "रोपं मेली तर? चाकू आण इकडं." आत्याने चाकू मिटला आणि तो कमरेच्या पिशवीत ठेवला. "चाकू माझा हाय. तीन आठवडे थांबा. डोळे न्हाई फुटले तर मी कामावर येणार न्हाई." ते तीन आठवडे तिला जेवण गेलं नाही, हे तिनेच मला पुढे सांगितलं. मी विचारलं, "भीती वाटत होती?" "लई वाटत होती. पण ती मुकादमाला कशाला दाखवायची?" डोळे फुटले. सगळे नाही, पण पुरुषांच्या वाफ्यांपेक्षा जास्त. त्यानंतर कितीतरी बायका तिच्याकडून हे काम शिकल्या.

भावकीला मात्र बाईमाणसाच्या कमरेचा चाकू कधीच पचला नाही. लग्नकार्यात कुजबुज व्हायची. त्यापायी एक दिवसही तिने तो घरी ठेवल्याचं मला आठवत नाही.

मला नोकरी लागली तेव्हा ती मला नवीन जालन्यातल्या एका हत्यारांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार चाचांनी लाल मुठीचा चकचकीत चाकू पुढे केला. "पोरीसाठी हा घ्या, दिसायला बढिया आहे." आत्या म्हणाली, "दिसायला न्हाई, कापायला पायजे." तिने एकेक चाकू उघडून पातं चिमटीत धरून हलवलं. डुगडुगलं की बाजूला. मग पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवून मूठ धरून पाहिली. ओल्या हातातून निसटली की तोही बाजूला. एक मला आवडला होता, पण तो उघडायला दोन्ही हात लागत होते. "तुझा एक हात कायम कशात तरी गुंतलेला राहणार. हा काय कामाचा?" शेवटी लाकडी मुठीचा, बोटभर पात्याचा एक साधा चाकू तिने माझ्या हातात ठेवला. "एवढं पातं बिलकुल बास. मोठं घेतलं की माणूस मिरवतो, वापरत न्हाई." शाळेत कुणी पाहिला तर, असं मी विचारलं, तेव्हा तिने स्वतःच्या कमरेच्या पिशवीवर नुसता हात ठेवला. मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

दहाव्याला आम्ही शहागडला गोदावरीच्या घाटावर जमलो. भास्करदादाने तिचा चाकू रुमालात गुंडाळून आणला होता. "नदीत सोडून देऊ. घरात नको." मागे रोपवाटिकेतल्या सातआठ बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली कासाबाई पुढे आली. आत्याने शिकवलेली ही पहिली बाई. "दादा, हंगाम चालू हाय. तो चाकू द्या इकडं." दादा म्हणाला, "बाई, हे आमच्या घरचं हाय." तेव्हा मी, भावकीच्या पुरुषांसमोर आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने बोलले. "मीही घरचीच आहे. दे तिला." दादाने रुमाल माझ्या हातात कोंबला आणि तो पायऱ्या चढून निघून गेला. मी तो कासाबाईला दिला.

मागच्या रविवारी मी रोपवाटिकेत गेले. आत्या बसायची त्या वाफ्याच्या कडेला कासाबाई बसली होती, आणि तिच्याशेजारी चाळिशीची एक नवी बाई हातात तो चाकू धरून अवघडून बसलेली.

"मुकादम बघून राह्यला," ती हळूच म्हणाली.

कासाबाईने मान वर केली नाही. "बघू दे. तू काप दे."