धक्क्याकडची बाजू

आमच्या बाबांना कुणी साधं ‘डावीकडे सरका’ म्हटलेलं खपत नाही. एकतीस वर्षं त्यांनी फेरीबोटीचं सुकाणू धरलंय. घरातला सोफा सरकवतानाही ‘बाबोर, बाबोर’ चाललेलं असतं. बाबोर म्हणजे फ्रेंच खलाशांचं डावं. तरुणपणी दोन वर्षं ते एका फ्रेंच मालवाहू जहाजावर होते, तिथून हे खूळ आलं. बोटीवरचे लोक त्यांना ‘शब्दकोश’ म्हणतात, आणि हा शब्दकोश एकदा उघडला की तास गेलाच समजा.

मी तो इतका ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. जुन्या बोटींचं सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असायचं. म्हणून ती सुकाणूची बाजू. तेच इंग्रजांचं स्टारबोर्ड. ताऱ्यांचा त्यात काडीचा संबंध नाही, हे बजावल्याशिवाय बाबा पुढे सरकत नाहीत. उत्तरेकडच्या दर्यावर्दींचा तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडी झिजून त्रिबोर झाला. वल्हं धरणाऱ्याचं तोंड उजवीकडे, मग डावी बाजू पाठीमागे. म्हणून बाबोर, पाठीकडची बाजू. इंग्रज डाव्याला लारबोर्ड म्हणायचे, बहुधा माल चढवायची बाजू म्हणून. पण भर वाऱ्यात स्टारबोर्ड कुठलं नि लारबोर्ड कुठलं ते ऐकू येईना, तेव्हा पोर्ट आलं. पोर्ट म्हणजे धक्क्याकडची बाजू.

गेल्या वर्षापासून बाबांचा डावा डोळा अधू व्हायला लागला. कबूल करतील तर शपथ! डावीकडचा पेला सांडला की ज्याने तिथे ठेवला त्याची चूक. दाराची चौकट खांद्याला लागली की सुताराची. सोमवारी परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी होती. नापास झाले तर बोटीवरचं काम सुटणार, आणि ते सुटलं तर हा माणूस दिवसभर करणार काय?

रविवारी सकाळी बघते तर स्वारी खिडकीशी उजवा डोळा झाकून अक्षरं पुटपुटतेय. मागे चष्मा आणायला गेले होते तेव्हा तपासणीच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता त्यांनी कागदावर उतरवून घेतला होता. लबाड कुठले! मला हसू आलं. खरं सांगायचं तर कागद हातात धरून मी त्यांच्या चुकाही दुरुस्त केल्या.

आई कधीची येऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. त्यांना पत्ताच नाही. तिने शांतपणे विचारलं, “अहो, तुमची बोट धक्क्याला कुठल्या अंगाने लागते?”

बाबा दचकले. “डाव्या.”

“मग माणसं कुठून चढतात?”

बाबांनी डोळ्यावरचा हात काढला. जेवताना भाजी अळणी झाली म्हणून ताट बाजूला सारलं. भाजीत मीठ व्यवस्थित होतं. मला आईचा राग आला, आणि ती बरोबर आहे म्हणून जास्तच आला.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला सांगितला. बाबांनी अख्खा तक्ता घडाघडा म्हटला, खालची बारीक ओळसुद्धा. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी शिक्का उचलला. आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

“थांबा,” बाबा म्हणाले. “आता तक्ता बदला.”

डॉक्टरांनी दुसरा लावला. बाबा मान पुढे काढून बराच वेळ बघत राहिले. मग मोकळ्या हाताने त्यांनी शेजारी बसलेल्या आईचा हात चाचपला आणि हळूच विचारलं, “वरचं मोठं अक्षर कुठलं आहे गं?”