गुरुजींच्या ब्लॉगवरचं गाऱ्हाणं

"गो मेघा, गाराणा घातला आणि कोणच 'व्हय' म्हणूक नाय. ह्या काय बरा नाय."

मी ऑफिसचं कुलूप काढत होते आणि फोन कानाला होता. पलीकडे परब गुरुजी. कुडाळच्या बाजारात माझं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या वेबसाइट बनवणं आणि बनवलेल्या सांभाळणं हा माझा धंदा. क्लायंटचा सकाळी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'साइट चालना नाय.' गुरुजींनी निदान काहीतरी नवीन सांगितलं.

गुरुजींनी मला शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर ते मालवणजवळच्या आपल्या गावात राहतात आणि ब्लॉग लिहितात. गावच्या विहिरी, भाताच्या जुन्या जाती, देवळातले मानपान. एकदा त्यांनी गाऱ्हाण्यावर लेख लिहिला. गाऱ्हाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. देवळात एकजण देवापुढे उभा राहून कुणाची तरी अडचण मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' म्हणणारा कितीही पट्टीचा असो, मागून 'व्हय' आलं नाही तर ते गाऱ्हाणं पुरं होत नाही.

त्या लेखाखाली वाचकांनी कॉमेंट लिहायच्या, म्हणजे आपलं मत द्यायचं. पण मुंबईच्या एका चाकरमान्याने तिथे चक्क आपलं गाऱ्हाणं लिहिलं. खाली कुणीतरी लिहिलं, 'व्हय म्हाराजा.' मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. बघता बघता त्या लेखाचं देऊळ झालं. ज्यांना गावी येणं जमत नव्हतं ते तिथे गाऱ्हाणी घालू लागले.

"कोणाचा गाराणा, गुरुजी?" मी विचारलं.

"आमच्या सुनीताचा. विलासाच्या हृदयाचा ऑपरेशन आसा, उद्या सकाळी. पुण्याक."

सुनीता गुरुजींच्या गावची, त्यांचीच विद्यार्थिनी. विलास तिचा नवरा, कसालच्या आतल्या अंगाच्या खेड्यातला, घरचे काजूचे बागायतदार. तो ऑपरेशनला घाबरला होता. सही करायला तयार नव्हता. गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय टेबलावर चढणार नाही, असं त्याने डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं होतं. गुरुजींनी देवळात गाऱ्हाणं घालून फोनवरून त्याला ऐकवलंही होतं. पण देवळात त्या वेळी गुरव आणि दोन म्हातारे. विलास ज्यांच्याबरोबर वाढला ते सगळे पांगलेले, कोणी मुंबईला, कोणी आखातात. त्याला त्यांचं 'व्हय' हवं होतं. ते मिळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे गुरुजींचा ब्लॉग. आणि तिथे सुनीताने लिहिलेल्या गाऱ्हाण्याखाली शुकशुकाट होता.

"लोक माका फोन करतत," गुरुजी म्हणाले. "म्हणतत, आमी लिवला, पण दिसना नाय."

स्कूटर काढली आणि गुरुजींच्या पडवीत जाऊन बसले. हे काम फोनवर होण्यातलं नव्हतं. समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असला की मला जवळ बसून काम करायला बरं वाटतं.

लॅपटॉपवर ब्लॉगचं डॅशबोर्ड उघडलं. डॅशबोर्ड म्हणजे वाचकाला न दिसणारी मागची बाजू, दुकानाचं कोठार म्हणा. कॉमेंटचं पान बघून माझंच डोकं फिरलं. सगळ्यात वर वजन कमी करायच्या गोळ्या. त्याखाली जुगाराची साइट. हे सगळे ट्रॅकबॅक. ट्रॅकबॅक ही मुळात चांगली सोय आहे. दुसऱ्या कुणी आपल्या ब्लॉगवर तुमच्या लेखाबद्दल लिहिलं, की त्याचा निरोप तुमच्या लेखाखाली आपोआप येतो. पण आपोआप येतो म्हटल्यावर फुकटे जाहिरातवाले टपलेलेच. ते खोटे निरोप पाठवतात. त्यांना अडवायला ब्लॉगवर स्पॅम फिल्टर होता, तरी थोडे निसटतच. कचरा ओळखायचा आणि वेगळ्या पेटीत टाकायचा, एवढंच त्याचं काम.

पेटी उघडली. आत एकावर एक रचलेलं होतं, 'व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा.'

"गुरुजी, लोकांचा खरा आसा. सगळ्यांनी लिवल्यानी. मशीनीन ता कचरो म्हणान टाकल्यान."

"कचरो?" गुरुजी इतके चिडले की शाळेत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मशीनचीही बाजू होती. कॉमेंट लिहिताना 'नाव' असा रकाना असतो. त्यात बहुतेकांनी लिहिलं होतं, 'गावकरी.' नाव तेच, मजकूर तोच. मशीनने हिशोब केला की हा एकच इसम आहे आणि तो वेडा तरी आहे किंवा रोबो तरी.

"लोकांनी आपली नावा कित्या घालूक नाय?" मी वैतागून म्हणाले.

"देवळात 'व्हय' म्हणताना कोण नाव सांगता गो? गाराणा सगळ्यांचा. तेच्यात तुझा माझा नाव कित्याक?"

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं नाही. पेटीतल्या कॉमेंट मी हाताने बाहेर काढायला लागले, पण काढलेल्याही आणि नव्या येणाऱ्याही पुन्हा आतच जात होत्या. फिल्टर बंद करून पाहिला. गुरुजींच्या बायकोने चहा आणून ठेवेपर्यंत सुनीताच्या गाऱ्हाण्यावर जुगारवाल्यांची रांग लागली. फिल्टर परत चालू केला. त्यात ब्लॉगची मांडणी अशी, की नवीन कॉमेंट वर आणि जुनी खाली. म्हणजे आधी 'व्हय', मध्ये गोळ्या, आणि मूळ गाऱ्हाणं शोधायला मागच्या पानावर जायचं.

मग मी माझ्या मते हुशारीचा तोडगा काढला.

"गुरुजी, एक बटन ठेवया. तेच्यार लिवया 'व्हय म्हाराजा'. दाबला की आकडो वाढात. कचरो नाय, गोंधळ नाय."

गुरुजींनी चष्मा काढला. "आणि सुनीता विलासाक काय वाचून दाखवतली? तुझ्यासाठी इतक्या जणांनी बटन दाबल्यानी?"

"पण गुरुजी, सोपा पडता लोकांका."

"सोपा कित्याक होया? दोन शब्द लिवचे आसत. तितक्याचो ज्येका कंटाळो, तेना म्हणूच नये."

वादात गुरुजींपुढे टिकणं शाळेतही जमलं नव्हतं. पण या वेळी मला त्यांचा राग आला नाही. त्यांना आकड्यात रस नव्हता, माणसांत होता. आयुष्यभर आकडे शिकवलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला फार कौतुक वाटलं. बटण रद्द केलं.

राहता राहिला तो रकाना. नाव कोणी लिहिणार नाही, आणि नाव वेगळं नसेल तर मशीन ऐकणार नाही.

"नाव रवांदे," मी विचारलं. "देवळात अनोळखी माणूस इलो तर तेका काय विचारतास?"

"खंयचो तू, ह्याच विचारतंव. दुसरा काय विचारतले?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजी हसले आणि मी कामाला लागले.

'नाव' हा शब्द काढला. त्या जागी लिहिलं, 'खंयचे तुमी?', म्हणजे तुम्ही कुठले? रकाना तोच, प्रश्न बदलला. मग मांडणी केली. गाऱ्हाणं वर, त्याला आलेली 'व्हय' त्याच्याच खाली, आलेल्या क्रमाने, सगळी एका पानावर. ट्रॅकबॅक तिथून उचलून पार शेवटी वेगळ्या भागात नेले, आणि गुरुजींनी पाहिल्याशिवाय एकही दिसणार नाही अशी कडी घातली. खोटे ट्रॅकबॅक पुसताना एक खरा निघाला. गोव्याच्या एका ब्लॉगवाल्याने सुनीताच्या गाऱ्हाण्याबद्दल कोकणीत लिहिलं होतं आणि आपल्या वाचकांनाही 'व्हय' म्हणायला सांगितलं होतं.

"ह्यो पुसू नको," गुरुजी म्हणाले. "शेजारच्या गावचो निरोप आसा."

त्या भागाला मी तेच नाव दिलं, 'बाहेरगावचे निरोप.'

गुरुजींनी ब्लॉगवर दोन ओळी टाकल्या: कालचं तुमचं 'व्हय' मशीनने गिळलं, कृपा करून परत म्हणा. आम्ही जेवायला बसलो, पण लक्ष जेवणात नव्हतं. गुरुजी एका हाताने आमटी-भात कालवत होते आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप आपल्याकडे वळवत होते.

'पिंगुळी. व्हय म्हाराजा.' 'खारेपाटण. व्हय म्हाराजा.' 'मालवण, बंदराजवळ. व्हय म्हाराजा.' 'कसाल, आता दुबई. व्हय म्हाराजा.' 'म्हापसा. व्हय म्हाराजा.' मशीनला आता हरकत नव्हती. प्रत्येकजण वेगळा होता. माणसं कामधंदा सोडून पुन्हा लिहीत होती, एकानेही कुरकुर केली नाही. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. लोकांना एक फॉर्म दुसऱ्यांदा भरायला सांगा, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी आमटीच्या तिखटावर ढकललं.

संध्याकाळी सुनीताचा फोन आला. गुरुजींनी स्पीकरवर टाकला.

"गुरुजी, सगळा वाचून दाखवलंय. एकेक. तेंनी मधीच थांबवल्यानी माका."

"कित्या गो?"

"म्हणतत, थांब, कसाल आणि आता दुबई, ह्यो बाबल्याच असतलो. शाळेच्या मागे ऱ्हवायचो तो. मगे मालवणच्या बंदराजवळचो कोण ता शोधीत रवले. तासभर ह्याच चल्ला. आता सही केल्यानी आणि झोपले."

नावं नव्हती म्हणून विलास ओळखत बसला होता. गावावरून माणूस, माणसावरून घर, घरावरून सबंध लहानपण. नाव नसणं हा मी दिवसभर दोष समजत होते. सगळ्यांची नावं असती तर यादी वाचून संपली असती आणि भीती परत आली असती.

ऑपरेशन नीट झालं. ते डॉक्टरांनी केलं, हे मला कळतं, आणि गुरुजींनाही कळतं. पण त्या टेबलापर्यंत विलासला कोणी नेलं, तेही आम्हा दोघांना ठाऊक आहे.

पुढे खारेपाटणच्या एका बाईंनी मुलीच्या बाळंतपणासाठी गाऱ्हाणं घातलं. मी सहज बघायला गेले होते. खाली 'व्हय' लागले होते, आणि त्यांत एक होतं, 'कसाल, सध्या पुण्यात, टाके काढले. व्हय म्हाराजा.' मी लगेच गुरुजींना फोन लावला. त्यांनी आधीच वाचलं होतं. दोन वेळा, म्हणाले.

स्पॅम फिल्टर अजूनही तसाच आहे. पुष्कळ लोक तेच तेच म्हणायला लागले की त्याला तो कचरा वाटतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं. म्हणून नवीन साइटवर तो बसवण्याआधी मी आता क्लायंटला विचारते, तुमच्याकडे माणसं जमली की सगळी मिळून काय म्हणतात? बरेचजण माझ्याकडे बघत राहतात. क्लायंट आमच्या जिल्ह्यातला असेल तर मी त्याच्या उत्तराची वाट बघत नाही.